खोकल्याची बाटली आणि एक हजार नऊ धावा

२०१९ च्या जुलै महिन्याचा शेवटचा दिवस. चारच दिवसांपूर्वी बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती. इकडे डोंबिवलीत रस्त्यांवरचं पाणी ओसरलं आणि त्यामागोमाग माझ्या दवाखान्यात ताप, सर्दी, खोकल्याची रांग लागली. दुपारी दोन पेशंटच्या मध्ये वर्तमानपत्र चाळताना एक बातमी दिसली. भारताचा तरुण सलामीवीर पृथ्वी शॉ याच्यावर आठ महिन्यांची बंदी. कारण काय, तर खोकल्याचं औषध.

बातमीत त्या औषधातल्या घटकाचं नाव होतं, टर्ब्युटालिन. वाचून मी पेन खाली ठेवलं. त्या सकाळपासून निदान तीन चिठ्ठ्यांवर मी हाच घटक असलेलं सिरप लिहिलं होतं.

आणि मग मला जानेवारीतला एक मुलगा आठवला. वय सोळा, चारशे मीटर धावणारा, राज्यस्तरीय स्पर्धेला निघालेला. खोकला काही थांबत नव्हता. मी नेहमीच्या हातानं नेहमीचं सिरप लिहिलं. त्याच्या आईनं दारातून मागे वळून विचारलं होतं, "डॉक्टर, स्पर्धा आहे त्याची. हे चालेल ना?" मी मान वर न करताच म्हणालो होतो, "अहो ताई, साधं खोकल्याचं औषध आहे."

त्या स्पर्धेत त्याची लघवीची तपासणी झाली नाही. झाली असती तर? उत्तेजक घेणारा म्हणून त्या पोराचं नाव लागलं असतं. चिठ्ठीवर सही मात्र माझी होती.

आजचा लेख त्यामुळेच थोडा वेगळा आहे. खेळात काही बिघडलं की आपण विचारतो, "कोणी केलं?" डॉक्टरी शिकवते वेगळा प्रश्न विचारायला, "हे घडलं कसं?" या दोन प्रश्नांतलं अंतर समजायला आपल्याच परिसरातला क्रिकेटचा इतिहास फार उपयोगी पडतो.

पायाला सूज, दोष कुठे?

एखादे आजोबा पायाला सूज आली म्हणून येतात. सूज पायावर दिसते, पण कारण हृदयात असू शकतं, मूत्रपिंडात असू शकतं, यकृतात असू शकतं, किंवा रक्तदाबासाठी दिलेल्या गोळीतही असू शकतं. नुसतं पायाला मलम चोळून भागत नाही. शरीरातले अवयव एकमेकांशी बोलत असतात. थायरॉइडचं संप्रेरक कमी पडलं की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी जोरात हाक मारते, पुरेसं झालं की हाक थांबते. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी शरीराच्या या तोल सांभाळण्याला १९२६ मध्ये 'होमिओस्टॅसिस' असं नाव दिलं.

जे शरीराचं, तेच माणसांनी उभारलेल्या व्यवस्थेचं. शाळा, क्रिकेट संघटना, औषधांची दुकानं, इस्पितळं, सगळीकडे अनेक भाग एकमेकांना ढकलत आणि आवरत असतात. एकच भाग सुटा न पाहता ही सगळी ओढाताण एकत्र पाहणं, याला 'सिस्टीम्स थिंकिंग' म्हणतात. आपण साधं 'व्यवस्थेचा विचार' म्हणू. त्यात तीन गोष्टी शोधायच्या असतात. गाडीला वेग कशानं मिळतो, ब्रेक कुठे आहे, आणि चूक झाल्याची खबर परत कोणाला मिळते.

पुणे, डिसेंबर १९४८

आधी ब्रेकची गोष्ट. पुण्यात रणजी करंडकाचा सामना चालू होता, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद होते आणि महाराष्ट्राची धावसंख्या होती ४ बाद ८२६. प्रथम श्रेणी क्रिकेटमधला तेव्हाचा वैयक्तिक विक्रम डॉन ब्रॅडमन यांचा, १९३० मधला, नाबाद ४५२. निंबाळकरांना बरोबरीसाठी हव्या होत्या फक्त नऊ धावा.

खेळाच्या मध्यंतरात काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी सांगून टाकलं की आता पुरे. आपल्या संघाचं नाव असल्या कारणानं इतिहासात जाऊ नये, असं त्यांना वाटत होतं. त्यांचा संघ परत मैदानात उतरलाच नाही. निंबाळकर ४४३ वर राहिले ते राहिलेच. पुढे त्यांना अधिकृत कसोटी सामनाही कधी खेळायला मिळाला नाही.

आपण मराठी माणसं ही गोष्ट हळहळत सांगतो आणि ते रास्तच आहे. माझीही सहानुभूती निंबाळकरांनाच आहे. पण डॉक्टरच्या नजरेनं पाहिलं तर त्यात आणखी एक गोष्ट दिसते. त्या सामन्यात हरणाऱ्या बाजूच्या हातात ब्रेक होता. तो त्यांनी वाईट वेळी आणि हट्टानं दाबला, पण "आता हा खेळ राहिलेला नाही" असं म्हणण्याची ताकद त्यांच्याकडे होती. ते मोठे होते, संस्थानिक होते. लहान मुलांकडे ही ताकद नसते.

कल्याण, जानेवारी २०१६

४ आणि ५ जानेवारी २०१६. कल्याणच्या वायलेनगरमधलं मैदान. भंडारी कप ही सोळा वर्षांखालील आंतरशालेय स्पर्धा. के. सी. गांधी शाळेचा पंधरा वर्षांचा प्रणव धनावडे सलामीला आला आणि दुसऱ्या दिवशी डाव घोषित झाला तेव्हा तो १००९ धावांवर नाबाद होता. १२९ चौकार, ५९ षटकार. इंग्लंडमध्ये ए. ई. जे. कॉलिन्स नावाच्या शाळकरी मुलानं १८९९ मध्ये नाबाद ६२८ धावा केल्या होत्या. तो विक्रम ११६ वर्षं टिकला होता आणि प्रणवनं तो पहिल्याच दिवशी मोडला. त्याच्या शाळेनं ३ बाद १४६५ वर डाव सोडला. समोरच्या शाळेचे दोन डाव ३१ आणि ५२ धावांत आटोपले. विजय एक डाव आणि १३८२ धावांनी.

वडील रिक्षा चालवतात आणि मुलगा हजार धावा करतो, ही बातमी जगभर गेली. आमच्या भागात त्या आठवड्यात माझ्याकडे आलेला प्रत्येक पेशंट आधी प्रणवबद्दल बोलायचा, मग स्वतःच्या गुडघ्याबद्दल. मीही खूश होतो. अजूनही आहे. तीनशेहून अधिक चेंडू लक्ष न ढळता खेळणं ही साधी गोष्ट नव्हे. त्या मुलानं काडीचीही लबाडी केलेली नव्हती. त्याचं काम होतं चेंडू मारण्याचं, ते त्यानं केलं.

पण आकडा मांडून बघा. १२९ चौकारांच्या ५१६ धावा, ५९ षटकारांच्या ३५४. म्हणजे १००९ पैकी ८७० धावा सीमारेषेवरून आल्या. पळून काढलेल्या फक्त १३९. त्या वेळच्या वृत्तांतांत कारणंही आली होती. मैदानाची एक बाजू तीसेक यार्डांवर संपत होती. समोरच्या शाळेची मोठी मुलं परीक्षेच्या तयारीत होती, त्यामुळे त्यांच्याहून बरीच लहान पोरं मैदानात उतरवली गेली. त्यांतली काही लेदरच्या चेंडूनं जेमतेम खेळलेली. वीसहून जास्त झेल सुटले.

त्या दुसऱ्या शाळेचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. दोन दिवस उन्हात चेंडू आणायला धावलेल्या त्या मुलांचाही हा इतिहास आहे आणि त्यांना तो कोणी विचारला नाही. पुण्यात ठाकोरसाहेब होते. कल्याणमध्ये "आता पुरे" म्हणणारं कोणी नव्हतं. पंचांना तसा अधिकार नव्हता, आयोजकांच्या नियमात तशी तरतूद नव्हती, आणि हजाराचा आकडा जवळ आल्यावर तर सगळ्यांनाच तो बघायचा होता. आपल्यालाही.

इथे दोषी शोधायला गेलं तर एकही सापडत नाही. मुलगा निर्दोष, प्रशिक्षक त्याच्या शिष्यासाठी उभा, दुसरी शाळा निदान हजर तरी राहिली, वर्तमानपत्रांनी बातमी दिली. प्रत्येकानं आपापलं काम केलं आणि सगळ्यांचं मिळून जे झालं ते दोन्ही बाजूंच्या मुलांसाठी फारसं बरं नव्हतं. व्यवस्थेचा दोष ओळखायचा असेल तर ही त्याची खूण आहे.

आकडाच ध्येय झाला की

पुढे काय झालं? मुंबई क्रिकेट असोसिएशननं प्रणवला पाच वर्षांसाठी दरमहा दहा हजार रुपयांची शिष्यवृत्ती जाहीर केली. चांगली गोष्ट. पण १००९ हा आकडा त्याच्या आधी प्रत्येक मैदानात जाऊन बसू लागला. पन्नास केल्या तरी "फक्त पन्नास?" अपेक्षेप्रमाणे धावा होईनात. २०१७ मध्ये त्याच्या घरच्यांनी स्वतःच संघटनेला पत्र लिहून शिष्यवृत्ती थांबवण्याची विनंती केली. कामगिरी होत नसताना पैसे घेणं बरोबर नाही, ही त्यामागची भावना. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणात प्रामाणिकपणाची सर्वांत मोठी खेळी ही होती. तिची बातमी मात्र आतल्या पानावर आली.

चार्ल्स गुडहार्ट नावाच्या ब्रिटिश अर्थतज्ज्ञानं १९७५ मध्ये एक निरीक्षण मांडलं. चलनविषयक धोरणाबद्दलचं होतं, पण आज ते सगळीकडे लागू पडतं. एखादं माप हेच जेव्हा ध्येय बनतं, तेव्हा ते चांगलं माप उरत नाही. आम्हा डॉक्टरांना हे रोज दिसतं. तपासणीच्या आदल्या दोन दिवसांत गोड बंद करून उपाशीपोटीची साखर चांगली आणणारे पेशंट आहेतच. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ही चाचणी त्यांचं बिंग फोडते.

खेळातही तेच. निवड धावांवर, धावा कमजोर संघाविरुद्ध, म्हणून मोठ्या आकड्यांची शर्यत. वयोगटाची स्पर्धा जिंकायची, म्हणून जन्मतारखेत फेरफार. आपल्या राज्यात खेळाडूंना दहावी-बारावीला वाढीव गुण आणि सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे. हेतू उत्तम, पण त्यामुळे कागदावरच्या प्रमाणपत्रालाच भाव आला आणि बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणं उघडकीला आली.

कल्याणच्या त्या सामन्याच्या महिनाभर आधी, १ डिसेंबर २०१५ ला, राहुल द्रविड यांनी पतौडी स्मृती व्याख्यानात हेच दुखणं सांगितलं होतं. वय लपवणं हा फिक्सिंगपेक्षा फार वेगळा गुन्हा नाही, आणि लहान गटात सामना जिंकण्यापेक्षा प्रत्येक मुलाला खेळायला मिळणं महत्त्वाचं, असा त्यांचा रोख होता.

विरार ते इंदूर

आता परत पृथ्वी शॉकडे. त्याचा जन्म ठाण्याचा, वाढला विरारला. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला, त्याआधी विरारही ठाणे जिल्ह्यातच होतं. त्याची ओळखही एका आकड्यानंच झाली. नोव्हेंबर २०१३ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या सामन्यात चौदा वर्षांच्या या मुलानं ३३० चेंडूंत ५४६ धावा केल्या. पण त्याची गाडी पुढे जात राहिली. २०१८ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली भारतानं १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राजकोटला पहिल्याच कसोटीत त्यानं १३४ धावा केल्या.

२२ फेब्रुवारी २०१९ ला इंदूरमध्ये मुश्ताक अली करंडकाच्या सामन्यादरम्यान त्याच्या लघवीचा नमुना घेतला गेला. त्यात टर्ब्युटालिन सापडलं. सर्दी-खोकला झाला होता, सहज मिळणारं सिरप घेतलं, असं त्यानं सांगितलं. हे नकळत झालं, असं क्रिकेट मंडळानंही मान्य केलं. १६ मार्चपासून १५ नोव्हेंबरपर्यंतची आठ महिन्यांची बंदी जाहीर झाली ३० जुलैला. म्हणजे बंदीच्या मागे नेलेल्या मुदतीत आयपीएलचा अख्खा हंगाम येऊन गेला होता आणि त्यात तो खेळलाही होता.

टर्ब्युटालिन आहे तरी काय? श्वासनलिकांभोवतीचे स्नायू सैल करणारं औषध. दम्यात उपयोगी. शिवाय हृदयाची गती वाढवतं, हात थरथरतात. या गटातली औषधं पोटातून मोठ्या मात्रेत घेतली तर स्नायूंवरही परिणाम होऊ शकतो. त्यामुळे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे वाडाच्या यादीत ते स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही बंद आहे. आणि खरं सांगायचं तर, छातीत शिट्टीसारखा आवाज येत नसेल तर साध्या सर्दीच्या खोकल्याला त्याचा फायदा होत नाही. तरीही बाजारातल्या अनेक खोकल्याच्या मिश्रणांत ते असतं, आणि आम्ही ते सवयीनं लिहितो.

आता यातला सर्वांत महत्त्वाचा भाग. शॉच्या दीडच वर्ष आधी, ९ जानेवारी २०१८ ला, क्रिकेट मंडळानं युसूफ पठाण याच्या पाच महिन्यांच्या बंदीची घोषणा केली होती. नमुना मार्च २०१७ चा. घटक तोच, टर्ब्युटालिन. स्पष्टीकरणही तेच, श्वसनमार्गाच्या संसर्गासाठी घेतलेल्या औषधातून ते नकळत गेलं.

एकच खेळ, एकच मंडळ, एकच घटक, तीच चूक. पठाणला शिक्षा झाली. पण त्या शिक्षेनं शिकायला कोणाला हवं होतं? डोंबिवलीतल्या माझ्यासारख्या डॉक्टरला, विरारच्या मेडिकलवाल्याला, संघाच्या फिजिओला, अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला. खबर यांतल्या कोणापर्यंत नीट पोचलीच नाही. तुमच्या घरात महिन्यात दोनदा एकाच जागी कोणी घसरून पडलं, तर तुम्ही दुसऱ्याला "बघून चालता येत नाही का?" एवढंच म्हणाल, की गळका नळ बघाल?

घावनाची जाळी

जेम्स रीझन नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं विमान अपघात, अणुभट्ट्या आणि इस्पितळांतल्या चुका यांचा अभ्यास केला. त्याचं म्हणणं असं की अपघात टाळण्यासाठी आपण एकामागे एक पडदे उभे करतो, पण प्रत्येक पडद्याला भोकं असतात. एरवी एका पडद्याचं भोक दुसरा झाकतो. ज्या दिवशी सगळी भोकं एका रेषेत येतात, त्या दिवशी अपघात होतो. त्यानं चीजच्या छिद्रांची उपमा दिली. आपल्याला घावन जवळचं. तव्यावरच्या घावनाला सुंदर जाळी पडते. चार घावनं एकावर एक ठेवली तर सहसा आरपार दिसत नाही. पण कधीतरी चारही छिद्रं जुळतात.

माझ्या त्या धावणाऱ्या मुलाचं बघा. पहिलं घावन मी. "खेळतोस का?" हे मी विचारलं नाही. दुसरं मेडिकल स्टोअर. त्यांच्याकडे असा इशारा देणारी काहीच सोय नव्हती. तिसरं बाटलीवरचं लेबल. त्यावर बारीक इंग्रजी अक्षरं, खेळाडूंसाठी सूचना नाही. चौथं त्याचे प्रशिक्षक. त्यांना वाडाची यादी कधी कोणी समजावून सांगितलेली नव्हती. एकच व्यक्ती थांबली होती. दारातून मागे वळून विचारणारी त्याची आई. त्या सगळ्या व्यवस्थेतला एकमेव चालू ब्रेक तिच्याकडे होता आणि तो मी सोडवून टाकला.

मग खेळाडूची जबाबदारी काहीच नाही?

हा प्रश्न माझ्या एका क्रिकेटप्रेमी पेशंटनं विचारला. "डॉक्टर, सगळं व्यवस्थेवर ढकललं की मुद्दाम सुया टोचून घेणारेही सुटतील."

आक्षेप बरोबर आहे. मुद्दाम उत्तेजकं घेणारे असतात, मुद्दाम देणारेही असतात, आणि त्यांना शिक्षा व्हायलाच हवी. उत्तेजकविरोधी नियमांत खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी त्याचीच धरतात. "मला माहीत नव्हतं" म्हटल्यानं शिक्षा कमी होईल, दोष पुसला जाणार नाही. कठोर वाटतं, पण त्याशिवाय प्रत्येकजण खोकल्याच्याच बाटलीकडे बोट दाखवेल. व्यवस्थेचा विचार ही जबाबदारी काढून घेत नाही. पण एका माणसाला शिक्षा करून फाइल बंद केली, तर पुढचा माणूस त्याच भोकातून पडतो. पठाणनंतर शॉ हे त्याचं उदाहरण.

ब्रेक बसवता येतात

काही ठिकाणी ते बसवलेही गेले. क्रिकेट मंडळ बरीच वर्षं राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे नाडाच्या कक्षेबाहेर होतं. नमुना घेण्याची व्यवस्था त्यांची, सुनावणी त्यांची, शिक्षा त्यांची, जाहीर कधी करायचं तेही त्यांनीच ठरवायचं. स्वतःचा पेपर स्वतःच तपासण्यासारखं. शॉची बंदी जाहीर झाल्यावर दहा दिवसांनी, ९ ऑगस्ट २०१९ ला, मंडळानं नाडाच्या कक्षेत यायला संमती दिली. सरकारचा दबाव आधीपासून होताच. २०२२ मध्ये संसदेनं राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायदाही केला.

वय लपवण्याबाबत मंडळानं २०२० मध्ये एक शहाणपणाची योजना आणली. ज्यानं खोटी जन्मतारीख दिली आहे, त्यानं ठरावीक मुदतीत स्वतः सांगितलं तर बंदी नाही, त्याच्या खऱ्या वयोगटात खेळावं. नंतर पकडला गेला तर दोन वर्षांची बंदी. त्याआधीपासून मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय बघण्याची पद्धत होतीच, पण खरं बोलण्याचा रस्ता उघडा ठेवल्यावर माणसं खरं बोलण्याची शक्यता वाढते. इस्पितळातही चूक सांगणाऱ्या नर्सला पहिल्याच दिवशी घरी पाठवलं, तर पुढची चूक कोणी सांगत नाही.

लहान मुलांच्या खेळातही असे नियम करता येतात. अमेरिकेतल्या लिटल लीग बेसबॉलनं २००७ पासून मुलानं दिवसाला किती चेंडू फेकायचे यावर वयानुसार मर्यादा घातली, कारण कोवळ्या खांद्या-कोपरांना इजा होत होत्या. प्रशिक्षकांना नुसतं "काळजी घ्या" सांगून ते थांबलं नसतं. आपल्याकडच्या शालेय क्रिकेटमध्ये ठरावीक फरकानंतर सामना थांबवणं, ठरावीक धावांनंतर फलंदाजानं निवृत्त होणं, मैदानाचं किमान माप पाळणं, यांतलं काय जमेल हे जाणकारांनी ठरवावं. मला डॉक्टर म्हणून एवढंच दिसतं की बारा वर्षांच्या मुलाला हार पचवता येते, पण दोन दिवसांची फजिती त्याला खेळापासून कायमचं तोडू शकते. आणि पंधरा वर्षांच्या मुलाला चार अंकी आकड्याचं ओझं आयुष्यभर वाहायला लावणं हेही आरोग्याला बरं नाही.

माझ्या केस पेपरवरची एक ओळ

त्या जुलैनंतर मी एक छोटा बदल केला. केस पेपरवर वय, वजन, ॲलर्जी यांच्याखाली एक ओळ छापून घेतली: "स्पर्धेत खेळता का? कोणता खेळ?" मी विसरलो तरी कागद विचारतो. माझ्या स्मरणशक्तीवर विसंबून राहण्यापेक्षा हे बरं. खोकल्याच्या मिश्रणातलं टर्ब्युटालिनही मी सवयीनं लिहिणं सोडलं, सगळ्यांसाठीच.

खेळणाऱ्या मुलांच्या आईवडिलांनी एवढं जरूर करावं:

- कोणत्याही डॉक्टरांकडे गेलात तरी आधी सांगा, "हा स्पर्धेत खेळतो." डॉक्टर विचारतील याची वाट पाहू नका.
- खोकल्याचं, सर्दीचं औषध मेडिकलमधून परस्पर घेऊ नका. सर्दीच्या काही गोळ्यांतल्या स्यूडोएफेड्रिनवर स्पर्धेच्या काळात मर्यादा आहे. स्टेरॉइडच्या गोळ्या आणि इंजेक्शनंही स्पर्धेच्या काळात बंद आहेत.
- दम्याचा पंप स्वतःहून बंद करू नका. साल्ब्युटामॉल, फॉर्मोटेरॉलसारखी काही औषधं पंपातून ठरावीक मात्रेपर्यंत चालतात. त्याच गटातलं सिरप किंवा गोळी मात्र चालत नाही. बंदी असलेलं औषध खरोखर गरजेचं असेल तर टीयूई नावाची उपचारासाठीची सवलत मागता येते.
- जिममधून मिळालेल्या प्रोटीनच्या डब्यावर 'नैसर्गिक' लिहिलं म्हणून विश्वास ठेवू नका. आत काय मिसळलं आहे ते लेबल सांगेलच असं नाही.
- वाडाची यादी दर वर्षी १ जानेवारीला नव्यानं लागू होते. मागच्या वर्षीचं उत्तर या वर्षी चालेलच असं नाही.
- घेतलेल्या प्रत्येक औषधाची चिठ्ठी आणि वेष्टनाचा फोटो जपून ठेवा.

मागच्या हिवाळ्यात त्या धावणाऱ्या मुलाची आई धाकट्या मुलीला घेऊन आली. मुलगी खो-खो खेळते. खुर्चीत बसायच्या आधीच ती माउली म्हणाली, "डॉक्टर, ही स्पर्धेत खेळते हं."

मी म्हटलं, "ताई, तुम्ही मागेही बरोबर विचारलं होतं. चुकलो मी होतो." आणि मगच स्टेथोस्कोप कानाला लावला.

हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. औषधांबाबतचा निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.